पाठीखालचा हात

प्रिय ताई, आणि निदान हे वाचून होईपर्यंत तरी माझ्यावर न खेकसणारी ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. तुझे डोळे आता साथ देत नाहीत म्हणून सुनेला सांगून ठेवलंय, की सावकाश, मोठ्याने वाच आणि सासूबाई "पुरे" म्हणाल्या तरी थांबू नकोस. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड. आता ऐक. मी पोहायला शिकतेय. हो, मीच. जिला तू आयुष्यभर भरल्या बादलीपासूनसुद्धा लांब ठेवलंस, ती तुझी बुटकी या वयात पोहायचा पोशाख घालून, डोक्यावर रबरी टोपी चढवून एक दिवसाआड दुपारी तलावावर जाते. टोपी घातली की मी सोललेल्या बटाट्यासारखी दिसते. हसलीस ना? हसून घे, कारण पुढे फारसं हसण्यासारखं नाहीये.

सुरुवात गुडघ्यांनी केली. इतकी वर्षं पायाने मशीन चालवून त्यांनी शेवटी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, एक तर दुकान बंद करा नाहीतर पाण्यात व्यायाम करा, जमिनीवरचा व्यायाम आता तुम्हाला झेपायचा नाही. दुकान बंद करून मी काय भिंतींशी गप्पा मारू? कोट, गणवेश, उसवलेली अस्तरं, लोकांच्या वाढलेल्या पोटांची गुपितं, हेच तर माझं घरदार. मग नाइलाजाने गेले. तलाव बंदिस्त आहे, जुना. हिरवट फरशा, काही तडकलेल्या, उंचावर खिडक्यांची एक रांग, आणि आत शिरलं की नाकात जाणारा तो औषधाचा वास. आवाज असा घुमतो, की आपण बोललेलं आपल्याकडेच परत येतं, जरा उशिरा. मधोमध दोरी बांधलेली, तिच्या अलीकडे उथळ, पलीकडे खोल. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील, खांदे एवढे रुंद की त्यांच्या कोटाला मला कापड जास्त लागेल. गळ्यात शिट्टी, आणि तोंड शिट्टीपेक्षा तिखट. दुपारच्या वर्गात आम्ही दोघंच, मी आणि कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक. ते बिचारे पाण्यात पाय टाकण्याआधी असा चेहरा करतात, जणू कोणी त्यांनाच भट्टीत घालतंय.

पहिल्या दिवशी पायरीवर उभी राहिले तेव्हा मला धाक वाटला. पाण्याचा नव्हे गं. तुझा. वाटलं, आत्ता मागून तू माझी वेणी ओढशील आणि म्हणशील, मागे ये. लहानपणी तू तेच करायचीस. वर्गातली सगळी पोरं सहलीला नदीवर गेली तेव्हा तू मला पोटदुखीचं सोंग करायला लावून घरी ठेवलंस. मी कधी विचारलं नाही का ते. कारण मला माहीत होतं, आणि तुला माहीत होतं की मला माहीत आहे. आपण दोघी त्या विषयाला वळसा घालून म्हाताऱ्या झालो. आज मी सरळ त्यातूनच जाणार आहे, तेव्हा सुनेला म्हणावं एक घोट पाणी पी आणि पुढे वाच.

आत्याने मला ते सांगितलं तेव्हा मी शाळेत जायला नुकती लागले होते. तिने वाईट हेतूने सांगितलं नसेल, तिचं तोंडच तसं होतं. आई मला घेऊन शहराबाहेरच्या तळ्यावर गेली. सकाळी तिचं आणि बाबांचं कशावरून तरी वाजलं होतं. मी रांगायलाही लागले नव्हते. मी पाण्यावर सापडले, उताणी, तोंड आभाळाकडे, आणि रडत होते म्हणूनच रस्त्यावरच्या माणसांनी ऐकलं. आई सापडली ती दुसऱ्या दिवशी, तळाशी. आणि माझ्या बरगड्यांवर निळे वळ होते, बोटांचे. सगळ्यांनी हिशेब मांडला: पोरीला घेऊन जीव द्यायला गेली, पोरीला पाण्याखाली दाबत होती, पोरगी नशिबाने निसटली. बाबांनी तिचे फोटो काढून टाकले. तू तेव्हा दहा-एक वर्षांची असशील. त्या दिवसापासून तू तिला आई म्हणाली नाहीस. "ती" म्हणायचीस. मी मोठी झाले, दुकान काढलं, लग्न केलं, नवरा गेला, सगळं झालं, पण ताई, मनात एकच प्रश्न घेऊन वावरले. आपल्या आईला मी नको होते का? एवढंच. दुसरं काही मला या जगाला विचारायचं नव्हतं.

आता पाण्याकडे येते. बाईंनी पहिले काही दिवस नुसतं तोंडाने बुडबुडे काढायला लावले, मग काठ धरून पाय मारायला. मग एके दिवशी म्हणाल्या, आज उताणं तरंगायचं. त्यांची पद्धत अशी, की शिकणाऱ्याच्या पाठीखाली तळहात ठेवायचा, म्हणजे त्याला धीर येतो, आणि मग न सांगता हात काढून घ्यायचा. सांगितलं तर माणूस घाबरतो आणि बुडतो. बेकरीवाल्यांचे पाय खाली जात होते, मागोमाग पोट, शेवटी नाक, आणि ते खोकत उभे राहत होते. माझी पाळी आली. मी डोळे मिटले. पाठीखाली हात होता, अगदी पक्का. कान पाण्याखाली गेले आणि सगळा गोंगाट बंद झाला. मी निवांत पडून राहिले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, बाई, आता काढा हात, बघू या जमतंय का. डोळे उघडले तर बाई पलीकडच्या काठावर टॉवेलने तोंड पुसत उभ्या.

"अहो, मी हात कधीच काढला," त्या म्हणाल्या.

आणि तो हात अजून माझ्या पाठीखाली होता.

माझं धाबं दणाणलं. मी धडपडून उभी राहिले, नाकातोंडात पाणी गेलं. मागे वळून बघितलं तर नुसतं हिरवं पाणी. बाईंनी कौतुक केलं, म्हणाल्या पहिल्याच दिवशी इतकं सपाट कोणी पडत नाही, एखाद्या फळीवर झोपवल्यासारख्या तरंगता. मी कसनुसं हसले. घरी येऊन स्वतःला समजावलं, की पाण्याचाच दाब असेल तो. पण ताई, मी शिंपीण आहे. माणसाच्या अंगावर हात कुठे कसा बसतो हे मला कळणार नाही तर कोणाला? पाण्याला बोटं नसतात. त्या हाताला होती, आणि करंगळी जरा आत वळलेली होती. पुढच्या वेळी तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. उताणी झाले, की खालून हात यायचा. आणि घरी आल्यावर पाठीचा तेवढाच भाग गार राहायचा, तळहाताएवढा. गरम पाण्याने शेकलं, तरी तिथलं गारठलेपण जाईना.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलून काय, वेड्यात काढून घ्यायचं? पण बेकरीवाल्यांना बाईंनी पाण्याचा चष्मा लावून, श्वास कोंडून पाण्याखाली डोळे उघडे ठेवायला शिकवलं, आणि त्या दिवशी ते असे वर आले, की त्यांचा रंग मैद्यासारखा झाला होता. सरळ बाहेर पडून बाकावर जाऊन बसले. कपडे बदलून मी निघाले, तर दाराशी थांबलेले. इकडे तिकडे बघत त्यांनी मला विचारलं, तुमच्याखाली ती कोण बाई उभी असते? मी म्हटलं, शिकवणाऱ्या बाईच असणार. ते म्हणाले, त्या तर काठावर होत्या, आणि त्यांच्या अंगावर पोहायचा पोशाख असतो. हिने अंगभर कपडे घातले होते, कपडा पाण्यात हलत होता. तुला खोटं वाटेल, पण मी घाबरायच्या आधी त्यांना विचारलं, कपडा कसला होता, कडेला काही शिवलेलं होतं का. सवय गं, जात नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, कड उसवलेली होती. आणि चेहरा? चेहरा नाही दिसला, म्हणाले, केस मध्ये येत होते. त्या दिवसापासून ते सकाळच्या वर्गाला जातात. मला पाव मात्र न चुकता सगळ्यात ताजा देतात.

मग मी जायचं बंद केलं. खरंच कानाला खडा लावला. गुडघे गेले तर गेले. कारण मला कळून चुकलं होतं, की तो हात कोणाचा आहे, आणि जे कळलं होतं त्याने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझं आयुष्यभराचं सांगणं खरं निघालं म्हणायचं. पाण्याजवळ जाऊ नकोस, ती वाट बघतेय. तू हे उघड कधी म्हणाली नाहीस, पण तुझ्या डोळ्यांत मी ते वाचलेलं आहे. निसटलेली पोरगी स्वतःच्या पायांनी परत पाण्यात उतरली, आता कुठे जाईल? दुकानात कापड बेततानाही मला हेच सुचायचं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी एकाच बाजूच्या कापल्या. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कोट पुढ्यात घेऊन मी बसून राहिले आणि मला रडूच आलं. आंघोळ मी तांब्याने करायला लागले, तीही दार उघडं ठेवून.

आणि तरी मी परत गेले. का गेले ते शेवटी सांगते, आधी काय झालं ते ऐक. मी बाईंना म्हटलं, मला खोल बाजूला उतरायचंय. त्या म्हणाल्या, एवढ्यात नाही. मी हट्टाला पेटले. तुझीच बहीण ना मी. शेवटी त्यांनी लांब बांबू हातात घेतला, मला काठाशी उभं केलं आणि दम दिला, की काही झालं तर हा बांबू धरायचा, मी उडी मारून तुमच्याजवळ येणार नाही. मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, का? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्यासाठी रोजचंच होतं, आणि माझ्या मात्र पायाखालची फरशी हलली. म्हणाल्या, बुडणारा माणूस जवळ येईल त्याच्या अंगावर चढतो. त्याच्या खांद्यावर पाय देऊन स्वतःचं नाक वर काढतो. त्यात त्याचा काही दोष नसतो, ते त्याचं अंगच करतं, मन तिथे हजरच नसतं. मी विचारलं, आई असली आणि मूल असलं तरी? त्यांनी बांबू काठावर टेकवला. मग म्हणाल्या, "अंगाला नातं कळत नाही हो. बुडताना हातातलं मूल वर धरून ठेवायचं, तर प्रत्येक क्षणाला स्वतःच्या अंगाशी भांडावं लागेल."

मी काठ सोडला. ताई, मी खोटं सांगणार नाही, मी दगडासारखी खाली गेले. शिकलेलं सगळं विसरले. पाणी कानात गच्च बसलं, छातीत आग, आणि पाय तळ शोधतायत तर तळच नाही. मनात म्हटलं, घे बाई, आले मी, आता काय करायचं ते कर. आणि दोन हात आले. पाठीखाली नव्हे, या वेळी दोन्ही बाजूंनी, बरगड्यांवर. अंगठे पाठीला, चार-चार बोटं पुढे. त्यांनी मला वर ढकललं. अशा जोराने ढकललं, की माझं डोकं पाण्याबाहेर आलं आणि मी श्वास घेतला. परत खाली गेले, परत ढकललं. माझ्याही डोळ्यांना तो पाण्याचा चष्मा होता. मी खाली बघितलं. माझ्या खालीच, तळाशी ती उभी होती. हात सरळ वर ताणलेले, इतके की खांदे कानांना लागले होते. केस सगळे चेहऱ्यावर. ती माझ्याकडे बघत नव्हती. पायाच्या टाचा उचलून चवड्यांवर उभी होती, कारण तिची उंची कमी पडत होती. माझीच उंची आहे गं तिची. बुटकी होती आपली आई.

बाईंनी बांबू पुढे केला होता, तो मी धरला. काठावर बसून मी खोकत होते, हसत होते, रडत होते, आणि हाताने माझ्या बरगड्या चाचपत होते. लहान असताना मी तुला विचारायचे, ते वळ कसे होते, दाखव ना. तू रागवायचीस, पण एकदा अंघोळ घालताना दाखवलंस. तुझं बोट माझ्या बरगडीवर खालून वर नेलंस, एकेक करून, आणि म्हणालीस, अशी टोकं काखेकडे होती. तुझ्याइतकं नीट ते कोणी बघितलेलं नव्हतं, कारण मला न्हाऊ घालायला तेव्हा तूच होतीस. आता तूच सांग, कोणी वरून पाण्यात दाबत असेल तर बोटांची टोकं काखेकडे कशी येतील? त्याचा तळवा वर असणार आणि बोटं खाली पायांकडे. टोकं वर यायची तर हात खालून यायला हवेत. हे शेंबड्या पोराला कळेल, पण त्या घरात त्या दिवशी शांत डोक्याने बघणारं कोणी नव्हतं. ती तळ्यावर का गेली ते मला माहीत नाही. पाय घसरला असेल. किंवा खरंच जीव द्यायला गेली असेल आणि पाण्यात शिरल्यावर मन फिरलं असेल. ते मी विचारलं नाही आणि आता विचारायचंही नाही. तिला पोहता येत नव्हतं. तिने मला डोक्यावर धरलं आणि माणसं येईपर्यंत धरून ठेवलं, एवढं मला पुरतं.

आता मी परत का गेले ते. तुझ्या सुनेचा फोन आला होता. रागावू नकोस, ती माझ्याजवळ रडली. म्हणाली, सासूबाई दिवा मालवू देत नाहीत, झोपत नाहीत, पलंगाच्या पायथ्याशी ओली बाई उभी आहे म्हणतात, आणि फरशी पुसा, पाणी साचलंय म्हणून ओरडतात. फरशी तर कोरडी असते. आणि डॉक्टर आता फार दिवसांची भाषा करत नाहीत हे तिने मला सांगितलं, तुलाही ते कळलेलं आहे. तू तिला म्हणालीस, बुटकी सुटली म्हणून आता ती मला न्यायला आलीये. ते ऐकून मला घरात बसवेना. म्हटलं, माझी ताई ज्याला एवढी घाबरते ते काय आहे, ते मी आधी जाऊन बघते. लहानपणी अंधाऱ्या खोलीत तू आधी शिरायचीस आणि मग मला हाक मारायचीस, या खेपेला मी शिरले. म्हणून हे पत्र. मी शनिवारी येतेय, पण तोवर एवढं ऐक. मी सुटले नव्हते ताई, तिने मला सोडवलं होतं. ती तुला न्यायला आली असेलही, पण बुडवायला नाही आलेली. ती बाई तशीच उभी असेल, हात वर करून, चवड्यांवर. फरशी पुसायला लावू नकोस कोणाला. तिला आई म्हण, आणि पलंगाशेजारची ती खुर्ची पुढे कर. मी जन्मले त्या वर्षापासून उभी आहे गं ती. तिला म्हणावं, बुटकी पोचली काठाला, आता बस.

तुझीच, पाण्यातून परत आलेली,
बुटकी